सांगलीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची तर फिल्टर कसा निवडावा

गोड्या पाण्याच्या टाकीवरून खाऱ्या पाण्याकडे वळणारा माणूस दुकानात आधी विचारतो, ‘कुठला फिल्टर घेऊ?’ दुकानदार टाकी किती लिटरची ते विचारतो आणि एक खोका पुढे करतो. खाऱ्या पाण्यात एवढ्यावर भागत नाही. इथे फिल्टर म्हणजे तीन-चार गोष्टींची जुळणी असते. ती ठरवताना टाकीच्या मापाइतकंच दोन प्रश्नांना महत्त्व आहे: घरात पाणी कुठलं येतं, आणि लाईट किती वेळ जाते. पुण्या-मुंबईतली एखादी टाकी बघून तसंच सामान सांगलीत आणलं, तर एप्रिल-मेच्या उन्हात आणि वळवाच्या एखाद्या रात्री त्याची खरी परीक्षा होते.

उदाहरणासाठी एक टाकी धरू: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर. पहिली खारी टाकी म्हणून हे माप मला सगळ्यात योग्य वाटतं. लहान टाकीत पाण्यातला थोडासा बिघाडही लगेच माशांच्या जिवावर येतो.

पायरी १ : आधी मासे ठरवा

क्लाऊनफिशची जोडी, गोबी किंवा ब्लेनी असे एखाद-दुसरे छोटे मासे एवढंच ठेवायचं असेल तर फिल्टरवर भार कमी पडतो. लायनफिश, ट्रिगर असे भरपूर मांस खाणारे मासे ठेवले तर तेवढ्याच पाण्यात घाण कितीतरी जास्त होते. ब्लू टँगचा मोह बहुतेकांना होतो, पण तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला लांब जागा लागते. या टाकीत तो नको. क्लाऊनफिश घेताना पैदास केंद्रात वाढवलेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशांची गरज नाही.

प्रवाळाचा विचार असेल तर कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. मालवणला फिरायला गेल्यावर प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकून आणणं हा गुन्हा आहे.

पायरी २ : घरातलं पाणी तपासा

या पायरीवर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. माझ्या मते निम्मा फिल्टर इथेच ठरतो.

मिरज, पलूस, वाळवा हा सगळा उसाचा पट्टा आहे. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि शेतातल्या खतांचं नायट्रेटही उतरलेलं असू शकतं. नळाचं पाणी कृष्णेचं असलं तरी त्यात क्लोरीन असतं. असं पाणी टाकीत घातलं, तर जे बाहेर काढण्यासाठी फिल्टर घ्यायचा तेच आपण बादलीने आत ओतत राहतो. म्हणून पहिला खर्च आरओचा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. आरओतून निघालेल्या पाण्याचा टीडीएस १०-२० च्या आसपास असावा. त्यापुढे डीआयचं, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणारं, नळकांडं लावलं तर तो शून्यावर येतो.

स्वयंपाकघरातला आरओ चालेल का? चालेल, पण त्याच्या तोटीचं पाणी घेऊ नका. पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलरमधून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, नाहीतर खनिजांचं कार्ट्रिज असतं. हल्लीच्या कित्येक आरओंत तर तांबं सोडणारं कार्ट्रिज असतं. तांबं माणसाला चालतं, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना ते विष आहे. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेननंतर लगेच एक टी (पाइपला फाटा देणारा जोड) बसवून घ्या आणि टाकीचं पाणी तिथून काढा. साठवायला प्लॅस्टिकचा ड्रम वापरा. तांब्याचा हंडा किंवा पितळेची घागर नको.

या पाण्यात मरीन सॉल्ट (खाऱ्या टाकीसाठीचं खास मीठ) मिसळून विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणाचं माप, १.०२५ वर आणायचं. जेवणातलं मीठ चालत नाही. रत्नागिरीहून कॅन भरून आणायची कल्पनाही सोडून द्या. किनाऱ्यालगतच्या पाण्यात पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी आणि गाळ येतो, आणि घाट चढून दर पंधरवड्याला कॅन वाहणं कुणालाच जमत नाही. टाकीतून उडालेल्या पाण्याची भर मात्र नेहमी साध्या आरओ पाण्याने करायची, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं.

पायरी ३ : खडक आणि त्यातले जिवाणू

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि इतक्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त घातक ठरतो. त्यामुळे या जिवाणूंना भरपूर जागा देणं हेच फिल्टरचं मुख्य काम. ती जागा सच्छिद्र खडकात मिळते. कोरडा खडक घ्या, १० लिटरला १ किलो या हिशेबाने आपल्या टाकीला १५ ते २० किलो. रचताना आधी खडक तळाच्या काचेवर पक्के बसवा, वाळू नंतर घाला. वाळू उकरणाऱ्या माशाने पाया पोखरला तर खडक काचेवर कोसळतो. मध्ये पोकळ्या ठेवा, पाणी आरपार फिरलं पाहिजे.

पायरी ४ : टांगता फिल्टर, कॅनिस्टर की सम्प

मागच्या काचेला टांगायचा फिल्टर ४०-५० लिटरच्या छोट्या टाकीला पुरतो. आपल्या टाकीला तो जोडीला ठीक, एकट्याने नाही.

कॅनिस्टर दिसायला सुटसुटीत आणि आवाजही कमी. पण सांगलीसाठी मुख्य फिल्टर म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. तो बंद डबा आहे. लाईट गेली की आतलं पाणी थांबतं, जिवाणू आतला ऑक्सिजन संपवतात आणि काही तासांत मरायला लागतात. लाईट आल्यावर तेच सडकं पाणी पंप टाकीत ढकलतो. शिवाय घाण डब्यात डोळ्याआड साठते, म्हणून महिना-महिना कुणी उघडत नाही आणि नायट्रेट चढत जातं.

सम्प म्हणजे मुख्य टाकीखाली कपाटात ठेवलेली दुसरी, कप्प्यांची टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे ठरलेल्या पातळीवरच्या सांडव्यातून, खाली येतं, तिथे गाळलं जातं आणि रिटर्न पंपाने परत वर जातं. स्किमर (तो पायरी ५ मध्ये), हीटर, पाणी स्वच्छ करणारा कार्बन सगळं त्यात लपतं. एकूण पाणी वाढतं आणि वरच्या टाकीची पातळी कायम राहते. काचवाल्याकडून टाकी करून घेणार असाल तर ओव्हरफ्लोचं भोक टाकी जोडण्याआधीच पाडायला सांगा. तळाची काच टफन केलेली नको, तिला नंतर भोक पाडता येत नाही.

सम्पचं माप ठरवताना हा हिशेब करा. आपल्या टाकीत १ इंच पाणी म्हणजे साधारण साडेदहा लिटर. रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली २ इंच असेल, तर लाईट जाताच पाणी त्याच पाइपमधून उलटं ओढलं जातं आणि २१ लिटर सम्पमध्ये उतरतं. सम्प २ फूट बाय १ फूट असेल तर त्यातली पातळी साडेचार इंच चढते. एवढी जागा रिकामी नसेल तर पाणी थेट फरशीवर. रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडा, पातळी तिथवर आली की हवा आत जाते आणि उलटा ओघ तुटतो. भोकात शेवाळ साठतं, टाचणीने अधूनमधून मोकळं करा. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर एकट्यावर विसंबू नका, कचरा अडकला की तो अर्धवट उघडा राहतो.

सगळं जोडून झालं की आधी साधं पाणी भरा, पंप चालू करा आणि प्लग काढा. सम्पमध्ये पाणी कुठवर चढतं ते बघा. काठापर्यंत येत असेल तर थोडं काढून पुन्हा चाचणी घ्या. मग पंप चालू असतानाच्या पातळीवर मार्करने रेघ मारून ठेवा. पंप चालू असताना पाणी त्या रेघेच्या वर कधीच जाऊ द्यायचं नाही.

रिटर्न पंप तासाला टाकीच्या ३ ते ५ पट पाणी फिरवणारा हवा, म्हणजे ६०० ते १००० लिटर, आणि तेही ४ फूट वर चढवल्यानंतर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. टाकीतला बाकीचा प्रवाह वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच पाणी ढवळणारा छोटा पंप, देतो.

पायरी ५ : स्किमर

गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना वर मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. स्किमर हेच काम बारीक बुडबुड्यांनी करतो. पाण्यातली प्रथिनं आणि चिकट घाण बुडबुड्यांना धरून वर चढते आणि कपात जमते. घाण सडून तिचा अमोनिया होण्याआधीच बाहेर निघते, म्हणून स्किमरवर पैसे वाचवू नयेत असं मी आग्रहाने सांगतो. खोक्यावरची लिटरची क्षमता कमी माशांसाठी धरलेली असते. १९० लिटरला निदान ३००-४०० लिटरचा घ्या. त्याला सम्पमध्ये किती इंच पाणी लागतं ते बघा, बहुतेकांना ६ ते ८ इंच लागतं, आणि त्या कप्प्यातली पातळी स्थिर ठेवा.

नवीन स्किमर काही दिवस नीट फेस धरत नाही, त्यात वारंवार हात घालू नका. हाताला लागलेल्या तेलानेही फेस बसतो. पुढे कपात काळपट, घाण वासाचं पाणी जमू लागलं की तो बरोबर चाललाय. कपाच्या गळ्याला आतून चिकट थर बसतो आणि त्याने फेस वर चढायचा थांबतो. दर दोन-तीन दिवसांनी तेवढा गळा पुसा.

पायरी ६ : लाईट आणि उन्हाळा

लाईट गेल्यावर माशांना आधी कमी पडतो तो ऑक्सिजन. घरात इन्व्हर्टर असेल तर सगळा फिल्टर त्यावर टाकू नका. कमी वॅटचा एक वेव्हमेकर, पाण्याचा पृष्ठभाग हलेल असा वळवून, तेवढाच जोडा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपार जातो. पाणी २४ ते २७ अंशांत हवं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि पाण्यात बुडालेले पंपही उष्णता देतात, म्हणून कमी वॅटचे पंप निवडा. आपला उन्हाळा कोरडा असल्याने सम्पवर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं. मग पाणी जास्त उडतं, रोज भर घालावी लागते. दुपारी खोलीच तापत असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागेल. नदीकाठच्या घरात तळमजल्यावर टाकी असेल, तर २०१९ चा महापूर आठवून प्लगबोर्ड शक्य तितका उंच लावा.

पायरी ७ : फिल्टर तयार होऊ द्या

फिल्टर सॉक, म्हणजे सम्पमध्ये येणारं पाणी गाळणारी पिशवी, दोन-तीन दिवसांनी धुवायचा. कार्बन महिन्याला बदलायचा. खडक किंवा सिरॅमिक मीडिया (जिवाणूंना जागा देणारे सच्छिद्र तुकडे) नळाखाली कधीही धुवू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या.

मासे आणण्याआधी बाजारातल्या कच्च्या कोळंबीचा एक तुकडा टाकीत सोडा आणि टेस्ट किटने मोजत राहा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही उतरतील. साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. दोन्ही शून्यावर टिकले की क्लाऊनफिशची जोडी आणा. पुढचा मासा तीन-चार आठवड्यांनी, कारण भार वाढेल तसे जिवाणू वाढायला वेळ लागतो.

दर पंधरवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला आणि नायट्रेट मोजा. ते सतत २० पीपीएमच्या (दहा लाखात २० भाग) वर जात असेल तर नवीन यंत्र घेण्याआधी खाणं कमी करा आणि सॉक वेळेवर धुतला जातोय का बघा. तरीही उतरलं नाही तर सम्पच्या एका कप्प्यात केटोमॉर्फा शेवाळ ठेवून त्यावर रात्री दिवा लावा. ते नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खातं, आणि वाढलेलं शेवाळ मूठभर काढून टाकलं की तेवढी घाण टाकीबाहेर जाते.