प्लांटचा डेटा यंत्रांवर लावताना या चुका टाळा

रबाळे, महापे, पावणे, तळोजा. आपल्या या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांत सध्या एक काम जोरात चालू आहे. वर्षानुवर्षं डीसीएस, पीएलसी (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल सिस्टीम) आणि हिस्टोरियनमध्ये (जुनी रीडिंग साठवणारा डेटाबेस) पडून असलेले हजारो टॅग, म्हणजे एकेका मोजमापाची नावं, उचलायचे आणि पंप, रिअॅक्टर, बॉयलर, कॉम्प्रेसर अशा खऱ्या यंत्रांखाली लावायचे. काम मोलाचं आहे. रात्रपाळीच्या माणसाला टॅग नंबर पाठ असावे लागत नाहीत; 'रिअॅक्टर २०१' उघडला की जॅकेटचं तापमान, आतला दाब, अॅजिटेटरचा करंट, सगळं एका जागी दिसतं. पण हे काम ज्या घाईनं उरकलं जातं ते बघून जीव तुटतो. चुका नव्या नाहीत. प्लांट बदलतो, चुका त्याच राहतात.

सगळ्यात आधी एक्सेल. पीएलसीची टॅग लिस्ट एक्सपोर्ट करायची, नावाचे तुकडे पाडायचे, आणि 'एरिया-१, पीएलसी-३, कार्ड-७' अशी हायरार्की (उतरंड) दोन दिवसांत उभी करायची. दिसायला नीटनेटकी असते, म्हणून मीटिंगमध्ये लगेच मान्यही होते. पण ती प्लांटची रचना नसते, वायरिंगची असते. आणि वायर तिथे जाते जिथे चॅनेल मोकळा असतो. रिअॅक्टरच्या जॅकेटच्या आउटलेटला नंतर बसवलेला आरटीडी (तापमानाचा सेन्सर) युटिलिटीच्या पॅनेलवर गेलेला असतो, कारण त्या शटडाउनला तिथेच एक इनपुट शिल्लक होता. एक्सेलवाल्या हायरार्कीत तो चिलरच्या शेजारी जाऊन बसतो. मग ऑपरेटर रिअॅक्टर उघडतो, जॅकेटचं तापमान सापडत नाही, आणि तो परत जुन्या स्क्रीनकडे वळतो. एकदा वळला की त्याला पुन्हा आणणं फार अवघड.

माझी सवय सांगतो. पी अँड आयडी (पाइपलाइन आणि उपकरणांचं ड्रॉइंग) ए-३ वर छापून घ्यायची, पेन्सिल घ्यायची आणि चालत सुटायचं. सुरुवात टँक फार्मपासून, शेवट पॅकिंगला. माल जसा सरकतो तसं आपण सरकायचं. सोबत इंजिनिअरपेक्षा जुना ऑपरेटर न्यायचा. ड्रॉइंगवर 'अॅज बिल्ट' असा शिक्का असला तरी मागच्या शटडाउनला टाकलेली बायपास लाइन त्यावर असेलच असं नाही. त्याला मात्र ती ठाऊक असते. प्रत्येक यंत्राचे दोन फोटो काढायचे, एक समोरून आणि एक नेमप्लेटचा. रंगाऱ्यानं नेमप्लेटसकट पंप रंगवलेला असतो, म्हणून खिशात चिंधी आणि थिनरची छोटी बाटली ठेवतो. थिनर उघडण्याआधी त्या भागाची परमिट लागते, तीही घेतो. पंपावर एक नंबर आणि एमसीसीच्या (मोटरींना वीज देणाऱ्या पॅनेलच्या) फीडरवर दुसरा दिसला, तर डेटाचं काम तिथेच थांबवून आधी इलेक्ट्रिकलच्या शिफ्ट इन्चार्जला सांगायचं. चुकीचा फीडर आयसोलेट झाला तर माणूस जातो.

'सर, एवढं फिरायला वेळ नाही, डॅशबोर्ड शुक्रवारी दाखवायचाय' हे वाक्य मी नव्या मुलांकडून नेहमी ऐकतो. मुलं हुशार आहेत, टेम्प्लेट माझ्यापेक्षा भराभर बनवतात. पण बूट घालून शेडमध्ये न गेलेल्या माणसानं बांधलेली हायरार्की पहिल्याच ब्रेकडाउनला उघडी पडते. तेव्हा शुक्रवारच्या डॅशबोर्डचं कौतुक कुणाला आठवत नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त सलते: जागा आणि यंत्र एकच समजणं.

तळोज्याच्या एका केमिकल प्लांटमधली गोष्ट. कूलिंग वॉटरचे तीन पंप, ए, बी आणि सी. ए-ला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), बाकीचे दोन स्टार-डेल्टावर (साध्या स्टार्टरवर). मोटरी सगळ्या एकाच फ्रेमच्या, म्हणून अदलाबदल सोपी. एक स्पेअर स्टोअरमध्ये. बेअरिंग गेलं की स्पेअर बसवायची, खराब झालेली दुरुस्तीला पाठवायची, आली की स्टोअरला, आणि पुढे गरज पडेल त्या पंपावर. सॅपमध्ये (कंपनीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) प्रत्येक बिघाड मोटरच्या सीरियल नंबरवर नोंदवलेला. रिपोर्ट काढला की चार मोटरींच्या नावावर थोडे थोडे बिघाड दिसायचे, वावगं काहीच नाही. नवी सिस्टीम बसवणाऱ्या टीमनं तीच मोटरींची यादी उचलली आणि त्या दिवशी जी मोटर जिथे होती तिला तिथला व्हायब्रेशनचा टॅग चिकटवून टाकला. मोटर हलली की त्या जागेचा सगळा मागचा इतिहास तिच्याबरोबर हलायचा. ट्रेंड बघून काही अर्थ लागेना.

मला बोलावलं तेव्हा हे सगळं झालेलं होतं. कारण शोधायला लागलो तर तिथला जुना फिटर म्हणाला, "साहेब, मोटरींचा दोष नाही. ही ए-ची जागाच मोटर खाते." स्टोअरचं रजिस्टर आणि जॉब कार्डं काढून बिघाड जागेप्रमाणे मांडले. जवळजवळ सगळे ए-वरचे निघाले. काढलेलं बेअरिंग कापून पाहिलं तर आतल्या धावेवर पन्हाळी पत्र्यासारख्या सारख्या अंतरावरच्या रेघा. व्हीएफडीच्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं, ते बेअरिंगमधून अर्थिंगला उतरतं आणि प्रत्येक ठिणगीला धातू थोडा थोडा जळतो. ही खूण ओळखीची असते. नॉन-ड्राइव्ह बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग आणि ड्राइव्ह बाजूला शाफ्ट ग्राउंडिंग रिंग बसवली, तशी ए-ची तक्रार थांबली. फिटरला जे माहीत होतं ते सिस्टीमला माहीत नव्हतं, कारण सिस्टीममध्ये 'ए-ची जागा' अशी वस्तूच नव्हती.

म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी ठेवा. सॅपमध्ये त्यासाठी सोय आधीपासून आहे: फंक्शनल लोकेशन म्हणजे जागा, इक्विपमेंट म्हणजे सीरियल नंबरचं यंत्र. चालू मोजमापांचे टॅग जागेवर लावायचे. मोटर त्या जागेवर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती, याची नोंद त्या जोडणीवर ठेवायची. मग दोन्ही प्रश्न विचारता येतात: या जागेनं किती मोटरी खाल्ल्या, आणि ही मोटर कुठे कुठे फिरून आली. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात आणि दोन्ही लागतात.

हद्दीचा प्रश्नही याच्याच जवळचा. पंप म्हटल्यावर त्यात मोटर धरायची का, सील प्लॅनचं पॉट (सीलच्या द्रवाची छोटी टाकी) धरायचं का, सक्शन स्ट्रेनर धरायचा का? तेल-वायू उद्योगासाठीचं आयएसओ १४२२४ हे मानक प्रत्येक प्रकारच्या यंत्राची हद्द आखून देतं आणि वर्गवारीच्या नऊ पातळ्या सांगतं. छोट्या केमिकल प्लांटला त्या नऊच्या नऊ पातळ्या ओढून आणायची गरज नाही, आणि बेअरिंगच्या पिंजऱ्यापर्यंत उतरण्याचा अट्टहास तर अजिबात नको. ज्या पातळीवर तुम्ही स्पेअर मागवता तिथे थांबा. हद्द मात्र लिहून ठेवा, नाहीतर एकाच्या पंपात स्ट्रेनर असतो आणि दुसऱ्याच्या नसतो.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण त्रास कमी देत नाहीत. बॉयलर आणि कूलिंग टॉवर दोन प्लांटना वाटून असतील तर दोन्हीकडे कॉपी करू नका. युटिलिटीखाली एकदाच ठेवा आणि बाकीकडून त्याचा संदर्भ द्या. युनिट कधीही गृहीत धरू नका. गेजवर केजी, डीसीएसवर बार आणि स्किडवर पीएसआय हे आपल्याकडे रोजचं आहे. १ केजी प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.९८ बार, म्हणजे फरक एवढा बारीक की महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. व्हॅक्यूमच्या लाइनवर गेज की अॅब्सोल्यूट (हवेच्या दाबापासून मोजलेला की पूर्ण शून्यापासून) हे लिहिलंच पाहिजे. तुटलेल्या ट्रान्समीटरचं रीडिंग शून्य म्हणून साठवू नका, 'खराब' म्हणून साठवा. हिस्टोरियनमधल्या टॅगचं नाव सुंदर करण्याच्या नादात बदलू नका. जुन्या रिपोर्टांचे धागे तिथेच तुटतात, सुंदर नाव वरच्या पातळीवर द्या. एक सर्व्हर यूटीसीवर आणि एक भारतीय वेळेवर असेल तर ५ तास ३० मिनिटांचा फरक सरासरीत लपतो, पण इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सोय) का पडला हे शोधताना गळ्याशी येतो. भंगारात गेलेलं यंत्र डिलीट करू नका, 'बंद' अशी खूण करा. आणि त्याचा नंबर नव्या यंत्राला देऊ नका, कितीही मोह झाला तरी.

शेवटचं काम मेंटेनन्सच्या साहेबांकडून करून घ्यायचं असतं आणि त्यासाठी मी हट्टच धरतो. जॉब कार्ड बंद करताना दोन रकाने सक्तीचे हवेत: काढलेल्या यंत्राचा सीरियल नंबर आणि बसवलेल्या यंत्राचा. ते भरल्याशिवाय कार्ड बंद होता कामा नये. जिथे हे मान्य होत नाही, तिथे जोडणीच्या तारखा कुणीतरी नंतर अंदाजानं भरतो, म्हणून तिथलं काम मी हातातच घेत नाही.