ड्रमातला बुळबुळीत थर कसा काढायचा, आणि तो मुळात बनतो कसा

आपल्या खान्देशात कितीतरी गावांत नळ रोज येत नाही, मग घरोघरी ड्रम, टाक्या, हंडे भरलेले. ड्रम रिकामा झाला की आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागेल. नुसतं पाणी खळबळून हा थर निघत नाही, का ते आधी समजून घ्या.

पाण्यात सुटे जंतू शेपटी हलवत पोहत असतात. त्यांच्या आत डायग्वानिलेट सायक्लेज नावाचं एन्झाइम (म्हणजे रासायनिक काम घडवणारं प्रथिन) असतं, ते जीटीपी या पेशीतल्या रसायनाचे दोन रेणू जोडून सायक्लिक डाय-जीएमपी बनवतं. हा रेणू म्हणजे जंतूच्या पोटातला निरोप, १९८७ मध्ये इस्रायलचे शास्त्रज्ञ मोशे बेन्झिमान यांच्या टीमला तो पहिल्यांदा सापडला. निरोप वाढला की पोहणं बंद, भिंतीला चिकटायचं आणि अंगाभोवती चिकट साखरेचं आवरण करायचं, झाला थर, मग वरून क्लोरीन टाकलं तरी ते आतल्या जंतूपर्यंत धड पोचत नाही.

कॉलऱ्याचा जंतू हेच करतो. माणसाच्या आतड्यात गेला की उलटं, फॉस्फोडायएस्टरेज नावाचं दुसरं एन्झाइम तो रेणू तोडतं, पातळी उतरते आणि विष बनवायला वाट मोकळी होते. ते विष असतं हे १९५९ मध्ये आपल्या कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी दाखवलं, फार मोठं काम आहे ते. प्रत्येक ड्रमात कॉलरा असतो असं नाही हं, पण चिकटून बसायची ही युक्ती बऱ्याच जंतूंकडे आहे.

म्हणून आधी घासायचं. काथ्या नाहीतर ब्रश घ्या, तळाचा कोपरा, पाण्याची रेघ उमटते ती जागा, झाकणाची आतली बाजू, तोटीचं भोक, इथेच थर राहून जातो. मग ब्लिचिंग पावडरचं पाणी फिरवून अर्धा तास ठेवा, स्वच्छ धुवा, उन्हात पालथा घाला. ब्लिचिंगमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लिनर अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.

भरताना गाळून भरा. माझी माय जुन्या लुगड्याचं फडकं चार पदरी करून हंड्याला बांधायची, आणि बांगलादेशात अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या टीमने अशाच घडी घातलेल्या जुन्या साडीने पाणी गाळायला लावलं तर कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला, २००३ मध्ये छापून आलंय, कारण जंतूंचे गठ्ठे आणि ते ज्यांना चिकटतात ते बारीक पाणजीव कापडात अडकतात. सुटा जंतू मात्र आरपार जातो, म्हणून गाळल्यावर क्लोरीनचे थेंब, पाकिटावर लिहिलेत तेवढेच, आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात आधीच टाकलं तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. पाणी वगराळ्याने काढा, हात बुडवू नका.

तरी कुणाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब लागले तर सकाळची वाट बघू नका. ओआरएस नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा धरा, घोटघोट पाजत पाजतच दवाखान्यात न्या.