माइनक्राफ्टमध्ये मध्ययुगीन घर बांधताय? या चुका टाळा

स्प्रूसचं लाकूड वापरलंय, दगडी जोतं घातलंय, छप्पर उतरतं आहे, खिडकीखाली फुलांच्या कुंड्यासुद्धा आहेत. तरी चार पावलं मागे जाऊन पाहिलं की समोर दिसतं ते एक खोकं. मग उपाय म्हणून आणखी कंदील, आणखी वेली, आणखी पिंपं चढवली जातात आणि खोकं सजवलेलं खोकं होतं. दोष सजावटीत नसतोच. हे घर उभं कशावर आहे, हे बघणाऱ्याला कळत नाही, तिथे गाडी अडते.

माइनक्राफ्टच्या खेळात सगळं ब्लॉकनी, म्हणजे चौकोनी ठोकळ्यांनी बांधायचं असतं, आणि वाळू-खडीसारखे मोजके ब्लॉक सोडले तर काहीच खाली पडत नाही. खालचा खांब काढून घेतला तरी वरचा मजला मजेत तरंगतो. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या युरोपियन सुताराला ही चैन नव्हती. त्याने लावलेल्या प्रत्येक लाकडाला काम होतं. ते काम ओळखून बांधलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

आधी भिंत, मग खांब

बहुतेक जण फळ्यांच्या चार भिंती उभ्या करतात आणि मग त्यावर लाकडाचे पट्टे ‘डिझाइन’ म्हणून लावतात. क्रम नेमका उलटा हवा. इंग्लंड, जर्मनी, उत्तर फ्रान्समधली ती लाकडी घरं म्हणजे आधी सांगाडा: खांब, त्यांवर आडव्या तुळया, वर वासे आणि आढं. भिंत नंतर येते आणि ती फक्त सांगाड्यातली रिकामी जागा भरते. खेळातही आधी नुसता सांगाडा उभा करा. भिंती नसताना तो घरासारखा दिसत असेल, तरच पुढे जा.

खांबांतलं अंतर ही पुढची गोम. खेळातला एक ब्लॉक म्हणजे १ मीटर. खऱ्या घरांत मुख्य खांबांच्या दोन जोड्यांमध्ये बरेचदा ४-५ मीटर अंतर असे. म्हणजे दोन खांबांमध्ये ३ किंवा ४ ब्लॉक मोकळे ठेवा. एकाआड एक खांब लावले की भिंत पट्ट्यापट्ट्यांची होते, कारण आपला खांब मुळातच १ मीटर जाड असतो, खऱ्याच्या तिप्पट-चौपट.

सांगाडा आणि भरावाची भिंत एकाच पातळीत नको. भिंत एक ब्लॉक आत घ्या. खांबाची सावली भिंतीवर पडायला लागते आणि सपाटपणा जातो. या एका बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा कुंड्यांच्या अख्ख्या रांगेने पडत नाही. मात्र बाहेरून ९ बाय ७ धरलेलं घर आतून ५ बाय ३ उरेल, हे आधीच मोजून ठेवा. आत पलंग, भट्टी, पेट्या आणि जिना हे सगळं मावणार नाही. जिन्याऐवजी शिडी लावा. साध्या घरांत माळ्यावर शिडीनेच चढत, त्यामुळे जागाही वाचते आणि खोटंही वाटत नाही.

लाकडाच्या रेघा उलट्या

ही चूक इतकी सर्रास दिसते की हल्ली कुणाचंही घर पाहताना नजर आधी तिथेच जाते. लॉगला, म्हणजे ओंडक्याच्या ब्लॉकला, दिशा असते. जमिनीवर ठेवला तर उभा राहतो, दुसऱ्या ब्लॉकच्या बाजूला चिकटवला तर आडवा होतो. तुळई आडवी आणि तिच्या सालीच्या रेघा उभ्या, असं झालं की डोळ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते चटकन कळत नाही. आडवी तुळई नेहमी बाजूला चिकटवत न्या. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे कापलेल्या लाकडाची गोल वर्तुळं बाहेर डोकावत असतील, तर लॉगऐवजी ‘वूड’ ब्लॉक वापरा. ४ लॉगचे ३ वूड होतात आणि त्यांना सहाही बाजूंनी साल असते. गुळगुळीत, तासलेली तुळई हवी असेल तर कुऱ्हाड हातात घेऊन लॉगवर वापरा, साल निघून जाते.

तिरके टेकू खेळात देता येत नाहीत, म्हणून काही जण प्रत्येक चौकटीत ट्रॅपडोअरची (पातळ झडपेची) फुली मारतात. नका मारू. टेकूचं काम चौकट कोपऱ्यात तिरकी होऊ न देणं, म्हणून तो कोपऱ्यातच शोभतो. खांबाच्या माथ्याशी, तुळईच्या खाली, एक उलटा स्टेअर ब्लॉक (पायरीच्या आकाराचा ब्लॉक) लावा. बाकी चौकट मोकळी राहू द्या.

बाहेर आलेला मजला हवेत

वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला असला की मध्ययुगीन गाव लगेच डोळ्यांसमोर येतं. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातली शॅम्बल्स ही अरुंद गल्ली त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण मजला एक ब्लॉक पुढे काढून खाली काहीच दाखवलं नाही, तर तो चुकून सरकल्यासारखा वाटतो. खऱ्या घरात मजल्याखालच्या आडव्या कड्या भिंतीच्या बाहेर काढलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत बसते. त्या कड्या दाखवा. पुढे आलेल्या भागाखाली एकाआड एक उलटे स्टेअर ब्लॉक, किंवा कापलेली टोकं बाहेर काढलेले आडवे लॉग. गोल वर्तुळं दिसायला हवीत ती इथे.

मजला एका वेळी एकाच बाजूने पुढे काढा, कारण कड्या एकाच दिशेने धावतात. दोन लगतच्या बाजूंनी काढायचा असेल तर कोपऱ्यात कर्णरेषेत एक जाड तुळई लागते. खरे सुतार ती घालत. आपल्याला तिरकी घालता येत नाही, पण कोपऱ्याखाली एक ठळक खांब दिला की काम भागतं.

छप्पर बुटकं

सगळ्यात जास्त घरं इथे फसतात. छप्पर वाढत चाललं की माणूस घाबरतो आणि मधेच सपाट करून टाकतो. जरा हिशोब करू. घर ९ ब्लॉक रुंद, दोन्हीकडे वळचण १-१ ब्लॉक, म्हणजे छप्पर ११ रुंद. स्टेअर ब्लॉकने चढत गेलात तर दोन्ही बाजूंनी ५ पायऱ्या आणि मधे आढं, एकूण ६ ब्लॉक उंची. खालची भिंत ४ ब्लॉकची असेल तर छप्पर भिंतीपेक्षा उंच होतं. होऊ द्या! ते तसंच असायचं. गवताने शाकारलेल्या छपराला निदान ४५ अंशांचा उतार लागतो, नाहीतर पाणी वाहून जाण्याआधी गवतात मुरतं. स्टेअर ब्लॉकचा उतार बरोबर ४५ अंशांचा आहे. स्लॅबचा, म्हणजे अर्ध्या उंचीच्या ब्लॉकचा, उतार जेमतेम २७ अंशांचा भरतो. तो पडवीला किंवा गोठ्याला वापरा, मुख्य पाख्याला नको. आणखी उंच, टोकदार छप्पर हवं असेल तर दर पायरीखाली एक पूर्ण ब्लॉक घाला.

वळचण न देणं हीसुद्धा मोठी चूक. मातीच्या भिंतीला पावसापासून वाचवायचं तर छप्पर पुढे यायलाच हवं. कोकणातल्या मातीच्या घरात राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. छपराची कड वेगळ्या लाकडाची करा, उदाहरणार्थ स्प्रूसच्या पाख्याला डार्क ओकची कड, आणि त्या कडेखाली उलटे स्टेअर ब्लॉक. छपराचा आणि भिंतीचा रंग मात्र एकच ठेवू नका.

गवताच्या छपरासाठी ‘हे बेल’ (hay bale, म्हणजे गवताच्या गठ्ठ्याचा ब्लॉक) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याचे स्टेअर किंवा स्लॅब मिळत नाहीत. पूर्ण ब्लॉकनेच पाखं रचावं लागतं आणि ते ओबडधोबड दिसतं. लहान झोपडीला शोभतं, मोठ्या घराला नाही. एक फायदा मात्र आहे: ‘हे बेल’वर पडलात तर इजा ८० टक्क्यांनी कमी होते, आणि छप्पर बांधताना पडणं तर ठरलेलंच!

धुराडं, चूल आणि जळालेलं घर

‘घर बांधलं, शेकोटी पेटवली, परत आलो तर नुसतं जोतं उरलेलं’ ही तक्रार सर्व्हायव्हलमध्ये, म्हणजे जीव सांभाळत खेळायच्या प्रकारात, नेहमीची. कारण साधं आहे. उघडी आग शेजारच्या लाकडाला तर लागतेच, पण वर ४ ब्लॉकपर्यंतही पोचते. मधे दगडाचा एक थर घातला म्हणून ती अडत नाही. लाव्हाही जवळपासचं लाकूड पेटवतो. उपाय म्हणजे कॅम्पफायर, खेळातला तयार शेकोटीचा ब्लॉक. त्याने आग पसरत नाही. धूर साधारण १० ब्लॉक वर जातो आणि खाली ‘हे बेल’ ठेवला तर २४ ब्लॉकपर्यंत. धुराड्याच्या तोंडाशी, कडेने ट्रॅपडोअर लावून कॅम्पफायर लपवला की लांबून गाव जागं वाटतं.

आता खरा मुद्दा. तुमच्या मध्ययुगीन घराला धुराडं हवंच कशाला? साध्या शेतकऱ्याच्या घरात ते नसायचं. मधल्या मोठ्या दालनात जमिनीवरच शेकोटी असे. दालनावर माळा नसे, आणि धूर थेट छपरातून वाट काढी. विल्यम हॅरिसन नावाच्या एसेक्समधल्या पाद्र्याने १५७७ मध्ये नोंदवलंय की गावातले म्हातारे नव्याने उभ्या राहिलेल्या धुराड्यांच्या गर्दीचं नवल करत. त्यांच्या तरुणपणी बहुतेक गावांत जेमतेम दोन-तीन धुराडी असायची. म्हणजे प्रत्येक झोपडीवर विटांचं धुराडं चढवलेलं ‘तेराव्या शतकातलं’ गाव तीनशे वर्षं पुढे गेलेलं आहे.

असं दालन खेळात फार देखणं होतं. इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात बेलीफ नावाचं पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर उभं आहे, त्याची चित्रं पाहा. मधले दोन गाळे थेट छपरापर्यंत उघडे, दोन्ही टोकांना दोन मजले. तसंच करा: मधे दगडी चौथरा, त्यावर कॅम्पफायर, आणि वरच्या वाशांना डार्क ओक, कारण वर्षानुवर्षांच्या धुराने ते काळे पडत.

आगीची भीती खरीही होती. १२१२ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये नव्या घरांवर गवताचं छप्पर घालायला बंदी झाली. तेव्हा मोठं शहर बांधत असाल तर गवत गावाबाहेर ठेवा आणि शहरात कौलासारखं दिसणारं काही घ्या, विटांचे स्टेअर चालतात.

पांढरीशुभ्र भिंत, काळेकुट्ट लाकूड

हा नमुना डोक्यात बसलाय तो इंग्लंडमधल्या फोटोंमुळे. पण लाकूड काळं रंगवण्याची ही टूम बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी ओक बरेचदा तसाच सोडत आणि तो उन्हापावसाने करडा पडे. शिवाय नेटवर ‘मिडीव्हल’ म्हणून फिरणारी बरीच घरं सोळाव्या-सतराव्या शतकातली आहेत. चेशरमधलं लिटल मोर्टन हॉल हे सगळ्यांचं लाडकं घर १५०४ च्या सुमारास सुरू झालं आणि १६१० पर्यंत वाढत राहिलं. नक्षीदार चौकटींनी भरलेलं ते घर पाहून शेतकऱ्याची झोपडी बांधाल तर गोंधळ होणारच. जुनं आणि साधं पाहायचं तर जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गकडे वळा. १९९४ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या गावात चौदाव्या शतकातलं एक लाकडी घर टिकून आहे. जमिनीपासून छपरापर्यंत सरळ गेलेले खांब, नक्षी जवळजवळ नाही.

भिंतीचा भराव म्हणजे विणलेल्या काठ्या आणि त्यांवर माती, गवत, शेण यांचा गिलावा. आपल्याकडची कुडाची भिंत, दुसरं काही नाही. २०२२ मध्ये खेळात आलेला पॅक्ड मड इथे चपखल बसतो, कारण तो बनतोही चिखल आणि गहू मिळवूनच. श्रीमंत घराला चुन्याचा हात दिलेला दाखवायचा तर कॅल्साइट किंवा मशरूम स्टेम घ्या. पांढरं काँक्रीट नको, ते फारच नवं दिसतं.

जोत्यात कोबलस्टोन, अँडेसाइट, शेवाळी दगड, खडी सगळं मुठीने उधळायची फॅशन आहे. भिंत फरसाणासारखी दिसते. शेवाळ ओलीला धरतं, म्हणून ते खाली, विहिरीशी, सावलीच्या बाजूला. मोठे घडीव दगड कोपऱ्यात. मधला भाग एकाच दगडाचा राहिला तरी बिघडत नाही.

खिडक्या आणि जागा

काच महाग होती, त्यामुळे साध्या घरात मोठमोठी तावदानं नको. खिडकी एक ब्लॉक रुंद ठेवा, आत फेन्स (कुंपणाचा ब्लॉक) लावून गजांचा भास द्या, बाहेर दोन ट्रॅपडोअरच्या झडपा. काच लावायचीच तर ग्लास पेन लावा, तो चौकटीत आत बसतो.

जमीन सपाट करून मग बांधायला घेऊ नका. उतार जोत्याला खाऊ द्या. एका टोकाला जोतं १ ब्लॉक, दुसऱ्या टोकाला ३, आणि त्या उंच बाजूला तळघराचं दार. शहरातलं घर असेल तर रस्त्याकडे अरुंद आणि मागे लांब ठेवा. तिथले भूखंड तसेच असत.

तरीही अडलंच तर

छपराचा मध्य सापडत नसेल तर रुंदी बहुधा सम घेतली गेली आहे. आढं एकाच ओळीत हवं तर विषम घ्या, किंवा सम ठेवून वर दोन स्लॅब शेजारी बसवा. स्टेअर ब्लॉक कोपऱ्यात आपोआप वळत नसेल तर शेजारचा उलटा लागलाय का ते पाहा. छपराच्या कडेला ब्लॉक लावताना घसरत असाल तर स्नीकचं (दबकून चालण्याचं) बटण दाबून ठेवा. फोनवर खेळणाऱ्यांनी सेटिंगमधून कॅमेरा बाहेरचा करून अधूनमधून घर लांबून बघावं, संगणकावर एफ५ दाबलं की तेच होतं.

आणि माळ्यावर राक्षस निपजत असतील तर तिथे मिट्ट अंधार राहिलाय. १.१८ आवृत्तीपासून ते प्रकाश शून्य असलेल्या जागीच उगवतात, त्यामुळे वाशाला एक कंदील टांगला तरी पुरतो. कंदील नकोच असेल तर माळ्याची जमीन खालच्या अर्ध्या स्लॅबची करा. त्यावर ते उगवत नाहीत.