कोल्हापुरात खायचं कुठं? असं विचारा

रिक्षावाल्या मामांना ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ विचारलंत, तर ते नावाजलेल्या ठिकाणीच नेतील. ‘मामा, तुम्ही स्वतः मिसळ कुठं खाता?’ असं विचारा, उत्तर बदलतं. मिसळ सकाळीच खावी. कटाचं पातेलं रटरटत असेल आणि ब्रेडचे पुडे भराभर संपत असतील, तर बिनधास्त बसा. मटणाच्या खानावळीत आधी पांढरा रस्सा चाखा. नारळाचं दूध ताजं असेल तर तो किंचित गोडसर लागतो, शिळा झाला की आंबूस वास येतो. दुसऱ्याला ठिकाण सुचवताना नुसतं ‘लई भारी’ नको. काय मागवायचं, तिखट कितपत, रस्सा परत वाढतात का, रविवारी किती थांबावं लागतं, एवढं सांगाच.