वॉर्डातली जोडी: सीनियर शिकवते तेव्हा या चुका टाळा

नर्सिंगच्या पोस्टिंगमध्ये तिसऱ्या वर्षाची आणि पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी एकत्र लावली की जोडी झाली, असं धरलं जातं. दुपारी पाहावं तर सगळी कामं सीनियरने उरकलेली, ज्युनिअरच्या हातात नुसता ट्रे. वॉर्ड भरलेला, चार्ट वेळेत हवा, आणि सीनियरचा हात चालतो भराभर. म्हणून जोडीला अख्खी रांग देऊ नका. दोन-तीनच रुग्ण द्या, पण पूर्ण द्या.

कौशल्य शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत. आधी न बोलता करून दाखवणं, मग समजावत करणं, मग ज्युनिअर सांगेल तसं सीनियरने करणं आणि शेवटी ज्युनिअरने स्वतः करणं. घाईत तिसरी गळते. खरं तर तीच सर्वांत मोलाची, कारण विसरलेली गोष्ट ज्युनिअरने रुग्णाला हात लावण्याआधीच उघडी पडते.

सगळ्यात जास्त घोळ बीपीत होतो. सीनियर ‘१२०/८०’ म्हणाली की ज्युनिअरलाही तेच ऐकू येतं. दोघींना जोडलेला शिकवण्याचा स्टेथोस्कोप वापरा, आकडे न बोलता वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगा. पाऱ्याच्या ४ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा, पूर्ण रिकामा करून एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. हवा सेकंदाला २ मिमीच्या आसपास सोडायची. भर्रकन सोडली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो. आकडे दर वेळी शून्यावरच संपत असतील तर ते बहुधा नेमके मोजलेले नाहीत, अंदाजाने लिहिलेले आहेत.

मात्र आकडे जुळले म्हणजे बरोबर आले असं नाही. दंडाला कफ लहान असेल तर दोघींनाही सारखाच चढा आकडा मिळेल. कफमधल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८०% तरी हवी, हे इन्स्ट्रक्टरनेच पाहायचं. सीनियरच्या सवयीही जशाच्या तशा खाली उतरतात: श्वास पूर्ण मिनिट न मोजता १५ सेकंद मोजून चारने गुणणं ही त्यातली नेहमीची. म्हणून जोडी लावण्याआधी सीनियरला चेकलिस्टवर तपासा.

इन्स्ट्रक्टरची चूक म्हणजे लगेच उत्तर देणं. ‘काय दिसतंय? आता पुढे काय करशील?’ विचारा आणि थोडं थांबा. निर्जंतुकता मोडली किंवा चुकीच्या रुग्णावर काम होत असेल तर मात्र विचारत बसू नका, तिथेच हात थांबवा. औषधाची दुसरी तपासणी नोंदणीकृत सिस्टरनेच करायची, मैत्रिणीची सही त्यासाठी चालत नाही.