घराजवळ बिबट्या किंवा दुसरा हिंस्र प्राणी दिसला तर काय करावे

सीसीटीव्हीत कुंपणाच्या भिंतीवरून लांब शेपटीचा एक प्राणी उतरतो, उभ्या गाड्यांमधून जातो आणि दुसऱ्या बाजूने दिसेनासा होतो. सकाळपर्यंत हा काही सेकंदांचा तुकडा शेकडो फोनवर पोचतो आणि दुपारपर्यंत पिंजऱ्याची मागणी सुरू होते. त्या प्राण्याने केले काय, हे मात्र कोणी नीट बघत नाही. तो फक्त वाटेने निघाला होता.

वस्तीत प्राणी दिसणे आणि त्याने हल्ला करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचे सगळे सल्ले याच एका गोष्टीवर उभे आहेत. मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला तीन बाजूंनी शहराने वेढले आहे. तिथले बिबटे रात्री वस्तीच्या कडेने फिरतात आणि बहुतेक रहिवाशांना त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये ‘पी-22’ नावाने ओळखला जाणारा प्यूमा (तिथला मांजरकुळातला मोठा प्राणी) ग्रिफिथ पार्कमध्ये 2012 ते 2022 अशी दहा वर्षे राहिला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. जवळपास तेवढीच तरसेही होती. हे जंगल नव्हते. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसे तिथे राहत होती.

म्हणून धोका नाही असे मात्र कोणी म्हणू नये. बिबट्याच्या हल्ल्यात माणसे, विशेषतः लहान मुले, दगावली आहेत. त्या घरांसमोर ‘बिबट्या लाजाळू असतो’ असे सांगत बसणे निर्दयपणाचे ठरेल. दिसणे आणि हल्ला यांतले अंतर टिकवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते, आणि ते कसे टिकवायचे तेच इथे सांगायचे आहे.

पायरी 1 : समोरासमोर आलात तर

जिथे आहात तिथे थांबा. पळू नका. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हे मांजरकुळातल्या प्राण्याच्या रक्तात असते, आणि पळण्यात तुम्ही त्याला हरवू शकत नाही. पाठ फिरवू नका, खाली बसू नका, वाकू नका. उभा माणूस बिबट्याच्या सवयीच्या भक्ष्यासारखा दिसत नाही. बसलेला किंवा वाकलेला माणूस आणि लहान मूल त्या मापात बसतात. बरोबर मूल असेल तर नजर प्राण्यावरून न काढता त्याला पटकन उचलून कडेवर घ्या. दोन्ही हात वर करा, मोठ्या आणि ठाम आवाजात बोला, आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून एकेक पाऊल मागे सरका.

त्याला जायला वाट मोकळी ठेवा. ही गोष्ट सर्वात जास्त वेळा विसरली जाते. भिंत आणि माणसे यांच्यामध्ये सापडलेला प्राणी माणसांच्या अंगावरूनच वाट काढतो. म्हणून दगड मारणे, काठ्या घेऊन घेरणे, गाडीचे दिवे टाकून पाठलाग करणे यातले काहीही करू नका.

त्याने झडप घातलीच तर मान आणि गळा सांभाळा आणि हाताला लागेल त्याने प्रतिकार करा. बिबट्या किंवा प्यूमासमोर निपचित पडून राहण्याचा उपयोग नाही. अस्वलाचे गणित वेगळे आहे. उत्तर अमेरिकेतले तपकिरी अस्वल बचावासाठी अंगावर आले तर पालथे पडून मानेवर हात घ्यावेत असे तिथले तज्ज्ञ सांगतात, पण काळ्या अस्वलाशी झुंजायला सांगतात. कोल्हा किंवा अमेरिकेतला कोल्ह्यासारखा कायोटी अशा लहान प्राण्यांना तर उलट आरडाओरडा करून, डबे वाजवून हाकलणेच योग्य. माणसाचा धाक राहिला तरच ते लांब राहतात.

पायरी 2 : नक्की काय दिसले ते तपासा

अंधारात मोठे कुत्रे, उदमांजर, रानमांजर, तरस असे बरेच काही ‘बिबट्या’ म्हणून खपते. शेपटी बघा. बिबट्याची शेपटी लांब आणि जाड असते आणि चालताना टोकाशी वर वळलेली दिसते. तरसाचे पुढचे पाय उंच, पाठ मागे उतरती आणि अंगावर पट्टे असतात. रानमांजर पायांनी उंच असले तरी शेपटीने आखूड असते.

ओल्या मातीत ठसा मिळाला तर त्यासारखा पुरावा नाही. उकिडवे बसून तिरप्या उजेडात बघा. कुत्र्याचा ठसा लांबट असतो आणि बोटांच्या पुढे नखांची टोके मातीत रुतलेली दिसतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे ठसा गोलसर आणि बिननखी उमटतो. तळव्याच्या गादीची मागची कड तीन उंचवट्यांची असते. प्रौढ बिबट्याचा ठसा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद असतो. ठशाशेजारी पट्टी किंवा पेन ठेवून बरोबर वरून फोटो काढा, आणि वनरक्षक येईपर्यंत त्यावर एखादे घमेले पालथे घाला. नाहीतर बघ्यांच्या चपलांखाली तो तासाभरात नाहीसा होतो.

पायरी 3 : योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत कळवा

महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. प्राणी वस्तीत अडकला असेल किंवा कोणी जखमी असेल तर 112 वरही कळवा. दुसऱ्या राज्यात किंवा देशात राहत असाल तर तिथल्या वन्यजीव यंत्रणेचा क्रमांक आजच फोनमध्ये टाकून ठेवा. ऐन वेळी शोधत बसायला सवड मिळत नाही.

फोनवर पाच गोष्टी सांगा : जागा, वेळ, प्राणी कोणत्या दिशेने गेला, एकटा होता की पिल्लांसह, आणि तो काय करत होता. शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. ‘भिंतीवरून गेला’ आणि ‘दिवसाढवळ्या बसून होता, माणसे बघूनही हलला नाही’ या दोन बातम्यांवर पथकाची तयारी अगदी वेगवेगळी असते. दुसऱ्या बाबतीत प्राणी जखमी, आजारी किंवा माणसाला सरावलेला असू शकतो.

पायरी 4 : प्राणी घरात, जिन्यात किंवा गोदामात शिरला तर

आतली माणसे दुसऱ्या दाराने बाहेर काढा, प्राणी असलेल्या खोलीचे दार बाहेरून लावा आणि तिथून दूर जा. खिडकीतून डोकावू नका, फ्लॅश मारू नका. अंधार आणि शांतता मिळाली की तो कोपऱ्यात दबून बसतो, आणि पथकाला तेच हवे असते.

आता गर्दीबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहितो आहे. अशा प्रसंगांत माणसे जखमी होतात ती बहुतेक वेळा प्राणी घेरला गेल्यावर. भुलीचे इंजेक्शन लागले म्हणजे तो जागीच कोसळतो असे नाही. औषध चढायला काही मिनिटे जातात, आणि त्या मिनिटांत बिथरलेला प्राणी कुठेही धावू शकतो. समोर गच्चीत, भिंतीवर, झाडावर माणसेच माणसे असतील तर पशुवैद्यकाला नेम धरणेसुद्धा अवघड होते. तुम्हाला मदत करायची असेल तर गल्लीच्या तोंडाशी उभे राहा आणि येणाऱ्यांना मागे फिरवा. त्या घटकेला याहून मोठी मदत दुसरी नाही.

पायरी 5 : ग्रुपवर काय टाकावे

जुना व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरतो. आता तर संगणकाने बनवलेली बिबट्याची चित्रेही खऱ्यासारखी दिसतात. म्हणून आलेला फोटो पुढे ढकलण्याआधी तो कोणी, कुठे, केव्हा काढला एवढे विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुढे पाठवू नका. स्वतः संदेश लिहायचा असेल तर तो असा असावा :

“काल रात्री 11.40 ला मागच्या गेटजवळून बिबट्या ओढ्याच्या दिशेने गेला. एकटा होता, कोणाला इजा नाही. वन विभागाला कळवले आहे. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नका, ओढ्याच्या बाजूला जाऊ नका. पुढची माहिती याच ठिकाणी देऊ.”

यात भीती घालणारा एकही शब्द नाही, तरी काय करायचे ते सगळे आहे. प्राणी अजून तिथेच असेल तर नेमकी जागा सगळीकडे पसरवू नका. बघ्यांना ते आमंत्रणच ठरते.

पायरी 6 : पुढचे काही आठवडे

बिबट्या का आला, याचे उत्तर बहुतेक वेळा कचऱ्याच्या ढिगाशी सापडते. उघड्या कचऱ्यावर कुत्री, डुकरे आणि उंदीर जगतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. मुंबईच्या उद्यानातल्या बिबट्यांवरच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ते वर्षाला सुमारे 1500 मोकाट कुत्री खातात असा अंदाज मांडला. म्हणजे कचरा रोज उचलला गेला आणि डबे झाकलेले राहिले, तर त्याला तुमच्या आवारात यायचे कारणच उरत नाही. भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनी ते दिवसा घालावे आणि उरलेले लगेच उचलावे. ममतेने ठेवलेली रात्रभरची थाळी त्या कुत्र्यांच्याच जिवावर येते.

पाळीव कुत्रा रात्री घरात घ्या. कोंबड्या, शेळ्या असतील तर वरूनही जाळी असलेला पक्का गोठा हवा, कारण बिबट्या सहज उडी मारून किंवा चढून आत येतो. कुंपणालगतचे गवत-झुडूप काढा. दिवा लावा तो पायवाटेवर आणि शौचालयाच्या वाटेवर. अंधारात एकट्याने जावेच लागले तर टॉर्च घ्या, मोठ्याने बोलत चला किंवा मोबाइलवर गाणी लावा. माणूस येतो आहे हे लांबूनच कळले की तो बहुधा आधीच बाजूला होतो. आणि मुले : सांजवेळेपासून उजाडेपर्यंत अंगणात, शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी एकटे मूल नको. बाकीचे सगळे नियम एखाद्या दिवशी चुकले तर चालेल, हा चुकवू नका.

पायरी 7 : पिंजरा मागण्याआधी

फक्त दिसला म्हणून पिंजरा लावा, असा आग्रह धरू नका. जुन्नर परिसरात 2001 पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा आढळले, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते नंतर सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पकडताना दुखावलेला प्राणी जास्त धोक्याचा ठरू शकतो. शिवाय रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, आणि त्याला तुमच्या वस्तीची सवय नसते.

शिवाय तो सोडलेल्या जागी राहतोच असेही नाही. 2009 मध्ये विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला ठावठिकाणा कळवणारी कॉलर लावून माळशेज घाटाजवळ सोडले होते. रेल्वेमार्ग, महामार्ग आणि खाडी ओलांडून सुमारे 120 किलोमीटर चालत तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वाटेत त्याने कोणावरही हल्ला केल्याची नोंद नाही.

हल्ला झाला असेल, प्राणी जखमी असेल किंवा माणसांच्या जवळ येण्याची सवय त्याला लागली असेल, तर मात्र पकडण्याची मागणी रास्त आहे. तेव्हा लेखी अर्ज द्या आणि तारीखवार नोंदी जोडा. निर्णय वन विभागाचा. परस्पर फास लावणे, विष घालणे हा गुन्हा आहे, आणि त्या फासात कधी कधी दुसरेच जनावर अडकते.

चावा किंवा ओरखडा झाला तर

जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवा आणि तडक दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. जखम लहान दिसली तरी रेबीजची लस लागते आणि कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्ये) लागते. ते जवळ कुठे मिळते याची चौकशी आधीच करून ठेवलेली बरी.

पिल्ले सापडली तर

उसाच्या तोडणीत किंवा झुडपात पिल्ले दिसली तर ती अनाथ आहेत असे धरून चालू नका. आई बहुधा जवळच असते आणि माणसे हटण्याची वाट बघते. उचलू नका, दूध पाजू नका, सेल्फी काढू नका. काम थांबवा, माणसे मागे घ्या आणि 1926 वर कळवा. वन विभाग आणि बचाव पथके पिल्लांची तपासणी करून ती सापडलेल्या जागीच पेटीत ठेवतात, कॅमेरा लावतात आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. एका रात्रीत आली नाही तर पुढच्या रात्री पुन्हा ठेवतात. तेवढ्या रात्री त्या रानात राखणीलाही कोणी थांबू नये, आणि बचाव पथकाने सांगितल्यावरच तोडणी पुन्हा सुरू करावी.