बंदुकीच्या तिजोरीला कुलूप कोणतं?

किल्लीचं कुलूप साधं, पण मग किल्ली लपवायची कुठे? घरातल्या पोरांना ती जागा हमखास सापडते. आकड्यांची तबकडी फिरवून उघडणारं यांत्रिक कुलूप वर्षानुवर्षं चालतं, बॅटरी लागत नाही. मात्र अंधारात, घाईत ते उघडणं जिकिरीचं. तिजोरी वरचेवर उघडावी लागत असेल तर मी बटणांचं इलेक्ट्रॉनिक कुलूपच घेईन. त्यात बहुधा ९ व्होल्टची बॅटरी असते. दार बंद असतानाही ती बाहेरून बदलता येते ना, हे घेण्याआधीच बघा. कारखान्यातून आलेला कोड पहिल्याच दिवशी बदला (आणि जन्मतारीख तर नकोच!). बोटाच्या ठशाचं कुलूप झटपट उघडतं, पण ओल्या किंवा मळलेल्या बोटाला दाद देईलच असं नाही. सोबत कोडची सोय हवी.